साडूभाऊंचा बाप्तिस्मा

रोमच्या गादीवर आजवर जे कोणी बसले असतील, त्यांत आमच्या साडूभाऊंइतक्या वेळा कोणीही बसलेलं नाही. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात ते मास्तर होते. इतिहास शिकवता शिकवता त्यांना कॉन्स्टंटाईन बादशहा भेटला आणि त्यानंतर आमच्यापैकी कुणाचीच सुटका झाली नाही. धान घरात आलं, सुगीनंतरची मंडईची जत्रा भरली, की गावात रात्रभराचं नाटक व्हायचं, आणि ते ह्याच बादशहाचं. लिहिलेलं साडूभाऊंनी, बादशहाही तेच. डब्याच्या पत्र्याचा मुकुट, अंगावर आमच्या सासूबाईंचा जांभळा शालू. बांबूच्या तट्ट्याला क्रूसासारखं भोक पाडून मागे गॅसबत्ती धरली, की तो क्रूस आभाळात उगवायचा. मग बादशहा पुलावर चढून गाणं म्हणायचा, वैऱ्याला नदीत लोटायचा आणि हा नवा देव माझा, असं सांगत रोमची गादी घ्यायचा. नदी म्हणजे तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग.

मी बिशप. बादशहा मरणाच्या खाटेवर बाप्तिस्मा घेतो तेव्हा त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं, एवढंच माझं काम. कापसाची दाढी चिकटवून, तांब्या घेऊन मी पडद्यामागे बसायचो, आणि वर्षानुवर्षं बसूनच राहिलो. कारण आमच्या झाडीपट्टीत गाणं आवडलं की लोक 'वन्स मोअर' देतात, आणि पुलावरचं गाणं साडूभाऊ म्हणत जीव ओतून. वन्स मोअर आला की बादशहा परत पुलावर, आणि बुडालेला वैरी अंगावरचं तणस झटकत पुन्हा बुडायला हजर. असं होता होता उजाडायचं. लोक बैल सोडायला घरी जायचे आणि तांब्यातल्या पाण्याने मी तोंड धुवायचो.

एकदा वैतागून मी म्हटलं, "भाऊ, मरण पहिलेच करून टाका ना."

"मंग लढाई काय भूत करन?" ते उसळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जिंकला राजा सारेच पाह्यते, भाऊ. पण राज करून थकला, जांभळं उतरवून पांढरं नेसला, अन् लेकरावाणी मान वाकवली, ते कोणी पाहून राह्यलं काय? एक डाव तरी लोकाईले ते दाखवाचं हाय."

शेवटच्या वर्षी त्यांचा दमा बळावला होता. डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलं होतं. कितीही वन्स मोअर आले तरी एकदाच गाईन, असं त्यांनी मला वचन दिलं. वन्स मोअर आला. साडूभाऊंनी पडद्याआड माझ्याकडे पाहिलं, ओशाळं हसले आणि पुन्हा पुलावर चढले. खोकल्याने गाणं अर्ध्यात तुटलं तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं. लोक उठून गेले. पुढे एक म्हातारी बाई तेवढी बसून राहिली. साडूभाऊ पांढरं धोतर पांघरून खाटेवर आडवे झाले. "या बिशप," म्हणाले. मी गेलो, पाणी ओतलं. थंडीने ते शहारले आणि ठरल्याप्रमाणे डोळे मिटून मेले.

म्हातारी उठली, सरळ स्टेजवर आली आणि पदराने त्यांचं डोकं पुसू लागली. मला रागावून म्हणाली, "एवढा मोठा राजा, अन् डोकं पुसाले घरचं कोणी नाई काय?"

मेलेल्या बादशहाने तिचा पदर घट्ट धरला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. झोपेने माझं अंग मोडून आलं होतं, दाढी गळ्यात आली होती, पण चला म्हणायला मन होईना. तांब्या बाजूला ठेवून मी खाटेपाशी बसलो. घरचं माणूस म्हणून.