माणसं बसवणारी ज्योत्स्ना

ज्योत्स्नानं आजवर इतके सोफे, पलंग आणि कपाटं उभी केली आहेत, की निम्म्या जळगावला पुरतील. पण तिला भिंतीत खिळा ठोकायला सांगितला, तर भिंतही जाते आणि अंगठाही. तिचं सगळं सुतारकाम कॉम्प्युटरमध्ये चालतं. श्रेयांसशेठच्या फर्निचरच्या दुकानात, पोटमाळ्यावर बसून ती गिऱ्हाइकाच्या खोलीची मापं घालते, माउसनं फळ्या ओढते, त्यांना सागाचा रंग चढवते, आणि बघता बघता पडद्यावर अख्खी खोली उभी राहते. खोली गरकन फिरते, वरून दिसते, कोपऱ्यातून दिसते.

धरणगावला कापसाच्या शेतात जन्म घालवलेल्या तिच्या वडिलांना, लोटनआबांना, हे काही पटेना. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा पडद्यावरच्या पलंगाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"लाकूड नही, खिळा नही, भुसा बी नही," ते अहिराणीत म्हणाले. "मंग हाऊ पलंग शे कोठे?"

"कॉम्प्युटरमा शे, आबा."

"आन् गिऱ्हाईक झोपस कोठे?"

आधी चित्र, मग लाकूड, हे तिनं परोपरीनं समजावलं. आबांनी मान डोलावली आणि गावी जाऊन सांगितलं, की पोरगी चांगल्या जागी लागली, फक्त काय करते ते विचारू नका.

तर एक दिवस दुकानात धापूबाई आल्या. डाळीच्या व्यापाऱ्याचं घर, नवा बंगला, एकत्र कुटुंब. सोबत नवरा रतिलालशेठ आणि धाकटा दीर लीलाधर. ज्योत्स्नानं त्यांचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून जेवणाचं टेबल असं सगळं तयार ठेवलं होतं. उंचीचा अंदाज यावा म्हणून ओट्याजवळ एक माणूसही उभा केला होता. माणूस म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आयती मिळणारी एक सडपातळ बाई, पँट घातलेली, कंबरेवर हात ठेवलेली.

"ही कोण?" धापूबाईंनी विचारलं.

"कुणी नाही काकी, उंची कळावी म्हणून ठेवलीय."

"माझ्या स्वयंपाकघरात कंबरेवर हात ठेवून उभी, आणि कुणी नाही?"

रतिलालशेठनी चष्मा लावला. "बघू, जरा मोठी कर."

"मोठी नको," धापूबाई म्हणाल्या. "काढ तिला. तिथं मी राहणार आहे, तर मलाच उभी कर."

आता धापूबाईंसारखी बाई कॉम्प्युटरमध्ये आयती मिळत नाही. ज्योत्स्नानं उंची विचारून घेतली, रुंदीचा अंदाज केला आणि भीड म्हणून त्यातूनही थोडी कमी धरली. लाल बांधणीची साडी नेसवली, अंबाडा घातला, हातात पळी दिली. पुढच्या खेपेला धापूबाईंनी स्वतःला ओट्यापाशी पाहिलं आणि त्या लाजल्या. "बांगड्या राहिल्या," एवढंच म्हणाल्या.

"आणि आम्ही?" लीलाधर म्हणाला.

झालं. घरच्यांनाही टेबलाशी बसवायचं ठरलं आणि तिथूनच गाडी रुळावरून घसरली. ज्योत्स्नानं रतिलालशेठना टेबलाच्या टोकाला बसवलं आणि लीलाधरला बाजूच्या, माठाजवळच्या खुर्चीवर. लीलाधरचा चेहरा उतरला.

"धंदा दोघांचा, आणि मी माठाजवळ?"

"ज्योत्स्ना, उचल त्यांना," श्रेयांसशेठ घाईघाईनं म्हणाले.

तिनं माउसनं लीलाधरला उचललं. तेवढ्यात पडदा अडकला. लीलाधर वरणाच्या भांड्यावर अधांतरी लटकला. समोर बसलेल्या खऱ्या लीलाधरनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "अगं, खाली ठेव, खाली ठेव मला!"

तो दुसऱ्या टोकाला उतरला, तर पंखा नेमका त्याच्या डोक्यावर आला. मग रतिलालशेठना पंखा हवासा वाटला. जागा बदलल्या, तर त्यांना टीव्ही दिसेना. टेबल फिरवलं, तर या गडबडीत रतिलालशेठ कमरेपर्यंत फ्रिजमध्ये शिरले. खाली पलंग बघायला आलेली गिऱ्हाइकं जिन्यावर येऊन उभी राहिली आणि सल्ले देऊ लागली. चहा झाला, परत चहा झाला. दोघे भाऊ आता एकमेकांशी न बोलता ज्योत्स्नाशीच बोलत होते, "यांना सांग" आणि "त्यांना विचार" असं.

ज्योत्स्ना पार वैतागली. रागानं तिनं सगळ्यांनाच टेबलावरून उचलून बाजूला ठेवलं. तेव्हा तिचं लक्ष गेलं. इतका वेळ सगळे हलले होते, एक धापूबाई सोडून. त्या अजून पळी घेऊन ओट्यापाशीच होत्या.

"काकी," ती म्हणाली, "तुम्हाला कुठं बसवू?"

"ती कशाला बसतेय?" रतिलालशेठ अगदी सहज बोलून गेले. "वाढणार कोण?"

 धापूबाईंनी खुर्ची पुढं ओढली.

"बसव मला. आधी मलाच बसव. टोकाला, पंख्याखाली, टीव्हीसमोर. आणि हे दोघं उरलेल्या जागांसाठी भांडतील."

ज्योत्स्नानं त्यांना बसवलं, तर बांधणीची साडी खुर्चीच्या दोन्ही हातांतून आरपार बाहेर आली. तिनं घाईनं चित्र फिरवलं, पण धापूबाईंची नजर तूरडाळीतला खडा दुरून टिपणारी.

"माझं माप कमी धरलंस ना?"

ज्योत्स्नाचे कान तापले. "थोडंसं, काकी."

"तरी अडकले! खरं माप धर बाई. खोट्या मापाची खुर्ची चावेल ती मलाच."

धापूबाई स्वतःच हसत सुटल्या, मग लीलाधर, आणि नाइलाजानं रतिलालशेठही. बिनहाताची ऐसपैस खुर्ची ठरली. गृहप्रवेशाला ज्योत्स्ना जेवायला गेली, तेव्हा धापूबाई त्याच खुर्चीत बसून गरम फुलका खात होत्या आणि रतिलालशेठ आत लोणच्याची बरणी शोधत होते. ती फ्रिजवर होती, पण धापूबाईंनी सांगितलं नाही.

ही गोष्ट गावभर झाली. आता कुणालाच रिकामा सोफा बघवत नाही; आधी आम्हाला बसव म्हणतात. ज्योत्स्नाचं काम वाढलं, आणि कोणत्या घरात कोण कुणाशी बोलत नाही हे तिला पुरोहितांच्या आधी कळू लागलं.

परवा यावलहून केळीचे बागाईतदार एक नाना आले. त्यांचे दोन व्याही, दोघांचं एकमेकांशी वाकडं, आणि लग्नसराईत दोघंही मुक्कामाला. "पोरी, असा सोफा काढ," नाना म्हणाले, "की दोघं मानानं बसले पाहिजेत, आणि एकमेकांची तोंडं दिसली नाही पाहिजेत."

ज्योत्स्नानं एल आकाराचा सोफा काढला. दोन टोकांना दोन व्याही बसवले, एकाला फेटा, एकाला टोपी, आणि मधल्या कोपऱ्यात मोठी कुंडी ठेवली.

नानांनी चष्मा सावरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"कुंडीत केळ लाव," ते म्हणाले. "पानं रुंद असतात."