गिरणीत शिकलेलं गाणं

सकाळचे आठ वाजले की तो जिथं असेल तिथं थांबायचा. हातात भरलेली घागर असो, तोंडात ब्रश असो, नाहीतर कुणाशी बोलणं अर्ध्यात असो, एकदम ताठ उभा. पाय जुळवलेले, हात अंगाला लावलेले. गाणं तर कुठंच वाजत नसायचं. त्या वेळेला आमच्या गल्लीत नळाला पाणी आलेलं असतं, बायकांची भांडणं रंगात आलेली असतात, आणि मधोमध हा खांबासारखा. थोड्या वेळानं ब्रश परत फिरायला लागायचा.

"काय ओ पावणं, चावी संपली काय?" नळावरची कुणीतरी विचारायचीच.

"सवय हाय," तो हसून म्हणायचा, "दुसरं काय न्हाय."

याच गल्लीत गोट्या खेळलेल्या माणसाला आम्ही पावणं म्हणायला लागलो होतो. चेष्टेनंच म्हणायचो. आता लिहिताना मात्र तो शब्द टोचतो.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, बाहेर गेलेला, वर्षातून एकदा उगवणारा. याचं नाव सांगत बसत नाही. उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर होता. मातीत साचा दाबायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, असलं काम. हात इतका बसलेला की थायलंडच्या एका कारखान्यानं बोलावून नेलं. नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. निघाला त्या दिवशी मी त्यांच्या घरीच होते, चटणी बांधून देत होते. त्याच्या आईला मी मावशी म्हणायची. तिनं त्याला जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तिथलं खा, तिथलं लेव. खरं तिथला होऊ नगंस." आमच्या बोलण्यात 'खरं' म्हणजे 'पण'.

"न्हाय हुयाचा," असं म्हणून तो गेला.

यायचा मात्र दरवर्षी एप्रिलात, न चुकता. तिकडं त्यांचं नवीन वर्ष असतं, रस्त्यावर एकमेकांवर पाणी उडवतात म्हणे, आणि त्याच दिवसांत आपली चौदा एप्रिलची जयंती. एका रजेत दोन सण. घरटी एक बामची बाटली आणायचा. माझ्या गुडघ्यांनी त्या बामवर किती वर्षं काढली! तिकडच्यासारखं हात जोडून, मान पार खाली घालून नमस्कार करायची सवय लागली होती. भाजीवालीलासुद्धा तसाच करायचा. एकदा ती ओरडली, "अवो पावणं, मी काय देव हाय व्हय? वांगी घ्या आन जावा!"

लग्न त्यानं तिकडंच केलं, कारखान्याच्या कँटीनमधल्या मुलीशी. एकदा तिला आणि लहान मुलीला घेऊन आला होता. सासूला सुनेचं अक्षर कळेना, सुनेला सासूचं. संध्याकाळी मावशी वंदनेला बसली तर सूनही शेजारी येऊन बसली आणि तेच त्रिशरण, तेच पंचशील म्हणायला लागली, फक्त सूर निराळा. मावशी हरखून मला म्हणाली, "हिचं जरा बोबडं हाय, खरं हाय आपलंच!" तेव्हापासून थायलंडमधून आलेलं सगळं मावशीच्या लेखी बुद्धाकडून आलेलं. बामसुद्धा.

आमचे हे गेल्यावर पिठाची गिरणी मीच चालवत होते. तो रजेवर आला की गिरणीत पोत्यावर येऊन बसायचा आणि बोलायचा. एका एप्रिलात मात्र गप्पच बसून राहिला. मी म्हटलं, "काय रं, बायकोशी भांडलास?"

"न्हाय आक्का. घरात तिघं हाय आमी. दोघी तिथल्या, मी एकटाच परका." मग हळूहळू सांगायला लागला. पोलिसात परक्या माणसाची वही दाखवायची, शिक्का मारून घ्यायचा. इकडं यायचं तर परतीचा शिक्का वेगळा, आणि त्या मुदतीत परत गेलं नाही तर तिथलं राहणं जातं. त्याच्याबरोबरचा एकजण बापाच्या आजारपणात गावी अडकला, मुदत टळली, आणि बायको-पोरं तिकडं, तो इकडं. "आईला उद्या काय झालं आन मी हिथं ऱ्हायलो, तर माझं बी तेच. आन आता पोरगी इचारत्या. बाबा, सकाळी आठला देशाचं गाणं लागल्यावर तुमी नुसतं हुभं ऱ्हाताय. म्हणत का न्हाय?"

"मग म्हण की!"

"तेच तर," तो म्हणाला. नागरिक व्हायचा अर्ज करायचा होता. कागद होते, भाषा येत होती, कर भरलेला होता. पण मुलाखतीत साहेबांच्या समोर उभं राहून दोन गाणी म्हणून दाखवायची असतात, एक देशाचं आणि एक राजाचं. आणि याचा आवाज म्हणजे भट्टीत ओला कोळसा टाकल्यासारखा! बायकोनं शिकवून बघितलं, ती हसून लोळली. मुलीनं कान झाकले. लहानपणी जयंतीची गाणी त्याला मीच शिकवली होती. आयुष्यात आलेली गाणी काय ती तेवढीच. म्हणून कॅसेट घेऊन माझ्याकडं आला होता.

"शिकव. खरं गिरणी चालू ठेवून. आईच्या कानावर जायला नगं."

"का रं?"

"तिथला झालो की हिथला ऱ्हात न्हाय, आक्का. दोन्हीकडचं चालत न्हाय. पासपोर्ट जमा करायचा."

मावशीचं ते जातानाचं बोलणं दोघांनाही आठवलं. 

आता मी काय शिकलेली बाई? चौथीत शाळा सुटली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. पण कान चांगला. कॅसेट ऐकून दोन्ही गाणी आपल्या अक्षरात उतरवून घेतली, अर्थ त्याच्याकडून समजून घेतला, आणि दळण टाकलं की आमचा वर्ग सुरू. देशाचं गाणं चालीचं, पावलं टाकल्यासारखं, ते त्याला लवकर आलं. राजाचं मात्र वंदनेसारखं संथ, लांबलांब सुरांचं. मध्येच दम संपायचा. मग मी त्यात आमच्या जयंतीच्या गाण्यातलं एक वळण घातलं, श्वास घ्यायला जागा म्हणून. राजाला काय कळतंय, म्हटलं.

एके दुपारी ज्वारी टाकलेली, पट्टा जोरात फिरतोय, पिठानं पांढरा झालेला हा डोळे मिटून, ताठ उभा राहून, मानेच्या शिरा फुगवून राजाचं गाणं म्हणतोय, आणि लाइट गेली. लोडशेडिंग. पट्टा थांबला. तो थांबला नाही.

सगळ्या गल्लीनं ऐकलं. दळणाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. त्यानं डोळे उघडले तेव्हा दारात काठी टेकून मावशी उभी होती.

"कसलं गाणं रं ह्ये?"

"तिकडचं हाय, आई."

"बुद्धाचं व्हय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डब्याला झाकण लावायला लागले. त्यानं तोंड उघडेपर्यंत मावशीनं काठी भिंतीला लावून हात जोडलेसुद्धा. "साधु, साधु, साधु! किती ग्वाड हाय ग! आन तू म्हणलास व्हय? माझ्या लेकराला गाणं आलं!" तिचे डोळे भरून आले होते. जन्मात त्याचा एक सूर लागलेला तिनं ऐकला नव्हता. त्यानं भिंतीची काठी उचलून तिच्या हातात दिली.

त्या जयंतीला तिनं त्याला विहारात उभा केला. लोक हात जोडून बसलेले. हा माइकपुढं जाऊन अवघडत म्हणाला, "ह्ये हुभं ऱ्हाऊन ऐकायचं असतंय." तर म्हातारेकोतारेसुद्धा गुडघ्यावर हात देत उठले. आमच्या विहारात, निळ्या पताकांखाली, अख्खी वस्ती दुसऱ्या देशाच्या राजासाठी उभी होती, आणि हे आम्हां दोघांनाच ठाऊक होतं. मला हसू येत होतं, पण मावशीकडं बघवत नव्हतं. मावशीनं मग मला महिला मंडळात ते गाणं शिकवायला लावलं. पुढं दर जयंतीला ते व्हायचंच. मावशीचं गाणं, असंच नाव पडलं त्याला.

त्या रात्री विहारातून येताना तो म्हणाला, "आईनं आशीर्वाद दिला बघ, आक्का. कशाला दिला ते तिला म्हाईत न्हाय."

"मग सांग की बाबा."

"पुढच्या एप्रिलात. कागद हातात आल्यावर. आधी सांगितलं तर ती रडंल, मग माझ्यानं हुयाचं न्हाय."

पुढचा एप्रिल आला, त्याच्या पुढचाही आला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला. तो यायचा, बाम द्यायचा, आठला उभा राहायचा. मी डोळ्यांनीच विचारायची, तो मान हलवायचा. "झालंच न्हाय तर सांगू कशाला?" आणि जाताना मावशी वाकलेल्या कमरेनं दारापर्यंत यायची. आलेल्या-गेलेल्याला सांगायची, "पोरगं परदेशात हाय, खरं हाय आपलंच."

मुलाखत झाली त्या दिवशी गिरणीतल्या फोनवर त्याचा फोन आला. "म्हणलो, आक्का! दोन्ही म्हणलो. राजाचं झाल्यावर साहेबानं इचारलं, ही चाल कुठली? मी म्हणलो, आमच्या गावच्या गिरणीतली."

"आणि मग?"

"हसला. कायतरी लिवून घेतलं."

त्यानंतरही बराच काळ गेला. एका थंडीत परत फोन आला. नेहमीचं कसं काय वगैरे काही नाही. नुसतं म्हणाला, "झालो, आक्का."  मी म्हटलं, "पोरगी काय म्हणत्या?"

"खूश हाय. आता सकाळी दोघं मिळून म्हणतोय आमी." आवाज जरा हलका झाला होता. "एप्रिलात येतो आन आईच्या पायावर डोकं ठेवून सांगतो. मारंल तर मारू दे. आधी नवा पासपोर्ट येऊ दे, जुना जमा केलाय. मग व्हिसा काढायचा."

"कुठला व्हिसा रं?"

"हिकडं यायचा."

मी हसले. "कोल्हापूरला यायला व्हिसा?" तो हसला नाही.

एप्रिल लांब होता. मावशी त्याच थंडीत गेली. पहाटे पाणी तापवायला उठली, चुलीपुढं बसली ती बसलीच. मी जाऊन बघितलं तर पाणी उकळत होतं.

गल्ली जमली. ज्याला त्याला एकच घाई. "फोन लावा! विमानाचं तिकीट काढ म्हणावं! बर्फ लावू, दोन दिवस थांबू, एकुलता एक ल्योक हाय!" मी फोन लावला. सांगितलं. 

"थांबू नगासा, आक्का," तो म्हणाला. "दोन दिवसात माझ्यानं येणं हुयाचं न्हाय. जुना पासपोर्ट दिलाय, नवा हातात न्हाय. ह्या घडीला मी कुठं जायाच्या लायकीचाच न्हाय." मग म्हणाला, "वंदना तेवढी ऐकीव."

लोकांना यातलं मी काय सांगणार? कुणी पुटपुटलं, परदेशात गेल्यावर माणसं अशीच होतात.  तेव्हा गल्लीत मोबाइल एक-दोघांकडंच. शेजारच्याचा घेतला. संध्याकाळी मावशीला पांढऱ्या कपड्यात ठेवलं, त्याच्या चुलतभावानं मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू झाली. फोन मी मावशीच्या उशाशी धरून बसले होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. आता उचलायचं, तेवढ्यात मंडळातली एक म्हणाली, "मावशीचं गाणं म्हणूया की ग."

मला हात वर करून थांबवावंसं वाटलं. पण थांबवून काय सांगू? बायकांनी सूर लावला. तेच राजाचं गाणं, गिरणीतलं ते वळण घेऊन. माझ्याशिवाय कुणालाच शब्दांचा अर्थ माहीत नव्हता, आणि सगळ्यांना ते तोंडपाठ. विहारातली सवय, म्हणून बसलेले सगळे आपोआप उभे राहिले. एकटी मावशी झोपलेली, आणि फोन धरलेली मी तिच्याजवळ बसलेली.

गाणं संपलं. मी फोन कानाला लावला. 

"हायस का रं?"

"हाय, आक्का." तो म्हणाला. "हुभा हाय."

"बस रं बाबा आता. झालं गाणं."

"बसतो," तो म्हणाला. "सवय हाय. दुसरं काय न्हाय."

लोकांनी मावशीला उचललं. गल्लीच्या तोंडापर्यंत मी फोन कानाला धरूनच चालत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज काही आला नाही.