आजेसासूचं नाव

बीडच्या दवाखान्यात मोठ्या आईच्या खाटेपाशी बसून मी तिचं डोकं खात होतो. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं हृदयाचं ऑपरेशन होतं. ती गेली तर तिच्याबरोबर एक नावही जाणार होतं.

आष्टीकडच्या आमच्या वस्तीवर, विहिरीपाशी, दगडी पाटी बसवायची होती. त्या माळावर सगळ्यांच्या आधी माझे पणजोबा अन् पणजी आले. मुरूम फोडून दोघांनी रान केलं, मग बाकीची घरं झाली. पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर आहे, पाटीवरही कोरून झालं होतं. पणजीचं कुठंच नाही. पोरं आई म्हणायची, गाव म्हातारी म्हणायचं, झालं. तिच्या हाताखाली नांदलेली एकटी मोठी आई उरली होती, आणि ती काही केल्या नाव घेईना. आजेसासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं म्हणे.

"अगं, इथं कोण ऐकतंय?" मी वैतागलो.

"कावून एवढी घाई? मी मरायले का?"

तेवढ्यात पाथरवटाचा फोन आला. ऐकू नीट येईना म्हणून मी स्पीकर लावला.

"साहेब, नाव मिळंना तर नुसतं 'व पत्नी' कोरू का? उद्या दुसरं काम हाय."

मोठी आई ताडकन उठून बसली. नर्सनं लावलेली सलाईन हलली, मी नळी सावरली.

"व पत्नी? आजेसासरे जनावरं घेऊन मुलूखभर हिंडायचे. विहिरीचा गाळ तिनं काढला, डोक्यावर पाटी घेऊन. लई भोगलं तिनं. थांबव त्याला. सांगते मी."

पाथरवटाला मी थांबायला सांगितलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, कुणाची तरी माफी मागितली. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. ओठ नुसते हलत राहिले. मी पुढं वाकलो. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आठवंना रं," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तवा सासूनं एकदाच कानात सांगितलं, हे नाव घ्यायचं न्हाई म्हणून. मी कधी मनातबी घेतलं न्हाई."