हिलालचा मिलिटरी शर्ट

हिलालचा तो शर्ट मीच आवळून दिला, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे. मी पितांबर, पारोळ्याजवळच्या आमच्या गावातला एकुलता एक शिंपी. एकुलता आहे म्हणूनच माझं दुकान चालतं, असं गावातली टवाळ पोरं म्हणतात.

अठ्ठ्याऐंशी साल लागलं तेव्हा हिलाल धुळ्याच्या जुन्या बाजारातून मिलिटरीचा वापरलेला हिरवा शर्ट आणि सहा खिशांची पँट घेऊन आला. त्या शर्टात दोन हिलाल मावले असते. मी बगला घेतल्या, खांद्याची शिवण दोन बोटं आत सरकवली. छातीला टाचण्या लावताना मात्र मला जुनी गोष्ट आठवली. तीन वर्षांपूर्वी हा आणि तानुबाईचा झुलाल, दोघे लंगोटीयार, धुळ्याला भरतीला गेले होते. झुलालला घेतलं. हिलालची छाती फुगवूनही अर्धा इंच कमी भरली. पुढच्या दोन भरत्यांतही तेच झालं, आणि मग तो सायकलवर कॅन लावून घरोघरचं दूध गोळा करू लागला.

शर्ट घालून तो गल्लीतून निघाला नि पोरांनी त्याला ‘मेजर’ करून टाकलं. महिन्याभरात माझ्याकडे सहा खिशांच्या पँटींची रांग लागली. ज्यांच्या एका खिशात घालायला काही नव्हतं त्यांनाही सहा हवे होते. मी खुशीत शिवत होतो. खोटं कशाला बोलू?

पण तानुबाईच्या घराचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नाही. झुलालची पलटण शांतिसेनेबरोबर लंकेत गेली होती आणि दिवाळीनंतर त्याचं पत्र नव्हतं. ती विधवा बाई ओट्यावर बसून एसटी स्टँडकडून येणारी वाट बघत असायची. माझं दुकान तिच्या समोरच, म्हणून सारं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. हिलाल नवा शर्ट घालून पहिल्यांदा तिच्याकडे दूध घ्यायला आला, तेव्हा लांबून हिरवं दिसताच ती आत धावली आणि भाकरतुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आली. परगावाहून आलेल्या माणसावरून आपल्याकडे ओवाळून टाकतात ना, तसा तिने तो ओवाळला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे तोंड दिसलंच नाही. तुकडा फेकला, पाणी टाकलं, आणि मग वर पाहिलं. हिलाल मान खाली घालून उभा होता.

त्या संध्याकाळी मी त्याला फैलावर घेतलं. दोन दिवस त्याने साधा सदरा घातला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा.

"लाज नाही वाटत?" मी ओरडलो.

"वाटस ना, आप्पा," तो म्हणाला. "पन साधा कपडास्मा माले कोनी इचारत नही. हाई घालं का बठ्ठा देखतस."

हिरव्यात सारे त्याच्याकडे बघतात, हे काही खोटं नव्हतं. मी कात्री आपटली, एवढंच केलं.

तानुबाई मात्र शहाणी झाली. सकाळ-संध्याकाळ काळजाला चटका नको म्हणून तिने हिरव्या रंगाकडे बघणंच सोडलं. हिलाल दारात आला की ती मान न उचलता दुधाचं भांडं पुढे सरकवायची. मला बरं वाटलं, बाई सावरली असं मी बायकोला सांगितलंही. पण माझा स्वतःचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. एसटीचा हॉर्न वाजला की पायडलवरचा पाय थांबायचा, पोस्टमन दिसला की सुई मोडायची.

त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तानुबाईचा दीर धनसिंग चार माणसांत बोलून गेला, की पत्र येऊन सहा महिने झाले, आता झुलालच्या नावाची घागर भरायला हवी. तानुबाईने ऐकलं आणि ओट्यावरूनच गरजली, "मना पोऱ्यानी घागर जो भरी, त्यानं डोकं फोडसू!" तरी धनसिंग कुंभाराकडून घागर घेऊन आलाच.

आखाजीच्या आदल्या दुपारी तानुबाई दारात बसून सणाच्या गोड सांजोऱ्या लाटत होती. स्टँडकडून हिरवा शर्ट आला आणि माझ्याकडे पाठ करून तिच्या दारासमोर थांबला. "काय मेजर, आज दुपारीच?" मी दुकानातून हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. मग माझी नजर त्याच्या खांद्यावर गेली. शिवण मूळची, कुणी न उसवलेली होती, आणि हिलालच्या शर्टाची शिवण तर मी दोन बोटं आत घेतली होती. मी मशीन सोडून धावलो.

तानुबाईने मान वर केली नाही. "आज दूध नही शे, हिलाल. जाय भाऊ."

तो झुलाल होता, आईने वर बघायची वाट बघत उभा. आई आपल्याकडे बघत का नाही, हे त्याला कसं कळणार?

"जाय ना रे," ती लाटता लाटता म्हणाली. "तू आसा उभा ऱ्हायना का मना जीव जास."

मी तोंड उघडणार तोच सायकलची घंटी वाजली. हिलाल होता. त्याने दारातल्या माणसाकडे पाहिलं, मग न उचललेल्या मानेकडे पाहिलं, आणि सारं त्याला उमगलं. सायकल कॅनसकट आडवी झाली, दूध गल्लीभर वाहिलं. भर गल्लीत त्याने शर्टाची बटणं तोडली, शर्ट मातीत टाकला आणि बनियनवर उभा राहिला. अर्धा इंच कमी भरणारी ती छाती भात्यासारखी हलत होती.

"काकू, मी आठे शे," तो रडत म्हणाला. "दारमा उभा शे तो मी नही. वर देख."

तानुबाईने मान वर केली. हातातलं लाटणं गळून पडलं. बसल्या जागेवरूनच तिने पिठाच्या हातांनी झुलालचा हात धरला, तो काही सोडेना. भाकरतुकडा नि पाणी आतून आणायला शेवटी हिलालच गेला.