शिक्क्यातला महिना

कुणी काही दिलं की मामा ते दोन्ही हातांनी घ्यायचे, डोळ्यांना लावायचे आणि न पाहता पिशवीत टाकायचे. मग ती भाजी असो, औषध असो की देवळातली विभूतीची पुडी. भाजीवाली नासके टोमॅटो भरते हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. "देणाऱ्यासमोर उघडून पाहूं नये, सार," ते मला म्हणायचे. "घरी जाऊन पाहावं. वाईट निघालं तर गप्प बसावं."

आमच्या तंजावुरी मराठी घरांत ही रीत सगळ्यांनाच शिकवतात. बाकीचे ती लग्नातल्या आहेरापुरती पाळतात. मामा मात्र ती कुठंही पाळत.

गल्ली त्यांना पेनांगमामा म्हणायची. जन्म इथलाच, राजवाड्यामागच्या गल्लीतला. तरुणपणी कारकुनीसाठी मलेशियातल्या पेनांगला गेले आणि तिथले नागरिक झाले. बायको वारल्यावर ते परत येऊ लागले, ते थोरल्या बहिणीसाठी. अक्का विधवा, अंथरुणाला खिळलेली. कोण कोणाचं हेही तिला उमगत नसे. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ती तोंड फिरवायची. मामांनी दहीभात कालवला की मुकाट जेवायची. ते गेले की ती वाळायची, आले की तिच्या अंगावर पुन्हा मांस दिसायचं. यंदा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आता जाऊ नका.

मी कॉलेजातून निवृत्त झालेला इंग्रजीचा मास्तर, म्हणून मामांचा 'सार'. गल्लीतले सरकारी कागद माझ्याकडे येतात. मामांच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज मीच भरला. तो नामंजूर झाला तेव्हा आम्ही दोघांनी पहिल्यांदा त्यांच्या पासपोर्टवरचा आगमनाचा शिक्का नीट पाहिला.

मामा पहिल्या तारखेला पहाटे उतरले होते. विमानतळावरच्या कुणीतरी शिक्क्यातली तारीख एकवर फिरवली होती, महिना फिरवायचा राहिला होता. मामा कागदोपत्री महिनाभर आधीच येऊन बसले होते, आणि त्यांची मुदत आम्ही अर्ज करण्यापूर्वीच संपली होती.

"तेव्हाच का नाही पाहिलंत?" मी विचारलं.

"त्यानं दिला, मी घेतला. त्याच्या तोंडावर उघडून पाहायचा काय?"

हेच उत्तर त्यांनी व्हिसाच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यालाही दिलं, तमिळमध्ये, अत्यंत नम्रपणे. त्यानं लिहून घेतलं : अर्जदारानं शिक्का तपासला नसल्याचं मान्य केलं आहे. सरकारदरबारी सभ्यता हा गुन्हा नसेल, पण ती कबुलीजबाब म्हणून चालते.

आम्ही विमानाचं तिकीट दाखवलं. "तिकीट काढलं म्हणजे त्याच दिवशी आलात असं होत नाही," अधिकारी म्हणाला. खरी नोंद विमानतळावर होती आणि ती विमानतळानं पाठवायला हवी होती. विमानतळानं कळवलं की कार्यालयानं मागितली तर पाठवू. कार्यालय म्हणालं, मागण्याची पद्धत नाही.

याच सुमारास आमच्या तंजावुरी मराठी मंडळींच्या संघानं मामांचा सत्कार केला. शाल, हार, चंदनाची माळ आणि 'तंजावुरच्या भूमिपुत्रास' असं मानपत्र. ते देवनागरीत होतं. सभागृहात ते वाचू शकणारे दोघंतिघंच असल्यानं टाळ्या जोरात पडल्या. अध्यक्ष राजघराण्याशी असलेल्या आपल्या नात्यावर बराच वेळ बोलले. मामांनी मानपत्र डोळ्यांना लावलं.

"अर्जाला जोडूं का, सार?" घरी येताना त्यांनी हळूच विचारलं. "मोहर मोठी आहे हो ह्याच्यावर."

मी हसलो. ते हसले नाहीत. ते खरंच विचारत होते.

शेवटी देश सोडण्याची परवानगी तेवढी मिळाली. पुन्हा येण्याच्या अर्जाचा 'यथावकाश विचार' होणार होता. तुम्हीही सरकारी पत्रं वाचली असतील. त्या शब्दांत किती अवकाश मावतो हे तुम्हाला सांगायला नको. निघायच्या दिवशी मामांनी अक्काला भरवलं, तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "विचारलंन तर इथं जवळच, तिरुवैयारुला गेलाय म्हणा. संध्याकाळी येतो म्हणा."

तिनं विचारलं नाही. नुसतं जेवण सोडलं.

मग आम्ही फोनचा उपाय काढला. मी फोन तिच्या उशीशी ठेवायचा, पेनांगहून मामा बोलायचे, "आ कर, अक्का," आणि मी घास द्यायचा. काही आठवडे हे चाललं. डोळे मिटून ती त्या आवाजाचं जेवायची. अर्जाचं काय झालं, हे मामा रोज विचारायचे आणि मी रोज संगणकावर 'विचाराधीन' हा एकच शब्द पाहून यायचो.

एका दुपारी आवाज आला, मी घास पुढे केला, तिनं तोंड उघडलं नाही. दही ओठांवरून हनुवटीवर ओघळलं. मी ते पुसलं.

"घेतलंन?" मामांनी विचारलं.

"घेतलं," मी म्हणालो.

"मग आणखी एक द्या. आ कर, अक्का."

माझ्या बोटांवर भात वाळत होता, आणि फोनमधून ते एकेक घास सांगत राहिले, भांडं रिकामं व्हावं तेवढे.