चोवीस तासांची लघवी

"हा कुशिंग सिंड्रोम दिसतोय," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन, म्हणजे संप्रेरक, प्रमाणाबाहेर तयार करतात. चेहरा सुजतो, हातपाय वाळतात, हाडं ठिसूळ होतात. आत गाठही असू शकते. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघून कुपवाडच्या कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, "लय मानवलंय गं तुला!"

खात्री लघवीवरून होणार होती. एका वेळची लघवी देणं सोपं, पण हे हार्मोन दिवसभर कमीजास्त होतं, म्हणून तिच्यावर भरवसा नाही. चोवीस तासांची हवी. सकाळची पहिली टाकायची, नंतरची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या सकाळची पहिलीसुद्धा. घरी जमवायची किंवा वॉर्डात भरती व्हायचं.

मी घर निवडलं. खाडा केला की कामावरून काढतात.

सुट्टीच्या दिवशी माधवनगरच्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत पांढरा कॅन घेऊन उभी राहिले. शेजारीण ओरडली, "काय गं, गोडंतेल कुठं मिळालं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

संध्याकाळपर्यंत कॅनचा तळ जेमतेम झाकला. कारखान्यात बायकांना संडास नाही, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. सुट्टीतही ती सवय सुटत नाही. यंत्राला तेल लागतं हे मालकाला कळतं, बाईला लघवीला लागते हे कळत नाही. वडिलांबरोबर युनियनची पत्रकं वाटत मी वाढले. पगारावर होती, बोनसवर होती. यावर एकही नव्हतं.

रिपोर्ट आला. कॉर्टिसॉल जास्त होतं. पण क्रिएटिनिनही फार होतं. स्नायूंतून निघणारं हे द्रव्य रोज साधारण तेवढंच बाहेर पडतं. डॉक्टर म्हणाले, "एवढं एका माणसाचं नसतं. यात आणखी कुणाची लघवी आहे का?"

माझ्यासाठी साताऱ्याहून आलेली आई हळूच म्हणाली, "आवं, लय कमी भरलं हुतं. तुमी हिला वरडाल म्हणून मीच घातली दोन-तीनदा. माझ्याच पोटची हाय की, लघवी काय येगळी आसनार?"

रिपोर्ट रद्द झाला. परतताना आई म्हणाली, "वाढलेलं ते माझंच आसंल बघ. आजार मला आसंल, तुला न्हाई."

मला राग यायला हवा होता. मी मात्र त्या बोलण्याला धरून बसले. आजार आईला निघावा, असं मनापासून वाटलं. आजारपण माणसाला इतकं खाली आणतं.

दुसऱ्या तपासणीला वॉर्डात राहिले. काम गेलं. तुमच्यावर ही वेळ आली तर आधीच भरती व्हा, नेहमीसारखं पाणी प्या, आणि कॅन कशासाठी आहे हे घरच्यांना समजावून सांगा. आमच्या घरात ते कुणीच सांगितलं नव्हतं. आजार मला कारखान्याने दिला नाही. पण आम्हा बायकांना शरीर लपवायला त्यानेच शिकवलं, आणि हे मी आता उघड बोलते.

नवा रिपोर्ट पहिल्याहून वाईट आला.

आई डॉक्टरांना म्हणाली, "नीट बघा की वो सायेब. ह्यात माझं आलं नसंल कशावरनं?"

मीच म्हणाले, "न्हाई आई. ह्या खेपेला समदं माझंच हाय."