रुमाल टाकलेली जागा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. शेंगदाण्याची टरफलं खिशात राहतात तसे ते राहतात; शर्ट धुताना बायको ओरडली की कळतं. माझ्या खिशात सगळ्यात जास्त टरफलं वामनची!

वामन आणि मी रेल्वेतले. बदलीवर जयपूरला आलो आणि रिटायर होऊन तिथल्याच मानसरोवर वस्तीत राहिलो. संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्ही दोघं आणि फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार साळुंखे. तिघांचं शिक्षण मिळून एक मॅट्रिक!

*

वामनला रुमालाचं वेड. बस असो, पंगत असो, हा आधी रुमाल टाकणार. "रुमाल पडला, मतलब जागा आपली!" मी तो उचलून तिथंच बसणार, हे ठरलेलं.

एकदा कानोत्याच्या धरणावर सहलीला गेलो, तर पठ्ठ्यानं झाडाखाली रुमाल टाकून अख्खी सावली धरली. मी तो एका बकरीच्या शिंगाला बांधला. बकरी पुढं, वामन मागं! वहिनी, म्हणजे वामनची बायको, हसून हसून खाली बसल्या. "भाऊजी, आता सावली बकरीची झाली!"

*

त्यांचा एकुलता एक अमोल. त्यानं प्रेमविवाह केला आणि मुलीच्या भावांनी निरोप धाडला, दिसेल तिथं कापू. एकदा गाठलंही, हात तुटता तुटता वाचला. दोघं युरोपात पळाले. पहिल्या देशात उतरताच बोटांचे ठसे घेतले गेले. तिथून पुढच्या छोट्या देशात जाऊन त्यांनी आसरा मागितला. अमोलला तिथं बेकरीत कामही लागलं.

वामनचा फोनवर पहिला प्रश्न काय? "रुमाल टाकलास का रे?"

*

मग बातमी आली. आसरा कुणाला द्यायचा याचे आसपासच्या देशांनी एकसारखे नियम केलेत आणि अमोलचा छोटा देशही त्यात आपणहून सामील होतोय. वामनला काही उमजेना.

"अरे, बोटं पहिल्यांदा जिथं लावली, अर्ज तिथंच करायचा," मी म्हटलं. "पोराचा रुमाल पहिल्याच बाकावर पडलाय. आता दुसऱ्यावर बसू देणार नाहीत."

तरी कळेना! मग मी बागेतले सगळे बाक फितवले. संध्याकाळी वामन आला तर सुभेदार गरजले, "इथं नाही! तुमचं नाव लाफ्टर क्लबच्या बाकावर लागलंय." लाफ्टर क्लबवाले म्हणाले, "वामनजी, आप तो पहले वहाँ बैठे थे ना?" पंजाबी बाक, बंगाली बाक, सगळीकडं तेच. बागभर खोखो!

वामन फिरून फिरून गवतावर बसला. म्हणाला, "असं करतात होय रे माझ्या पोराला?"

लाफ्टर क्लबवाल्यांनी सरकून जागा केली.

*

नोव्हेंबरात पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचं दाखवायला सी-स्कीम भागातल्या बँकेत गेलो. जन्मभर हातोडा मारून वामनचा अंगठा गुळगुळीत झालेला. मशीन काही घेईना.

"मशीन म्हणतंय तू गेलास!" मी टाळी मागितली.

त्यानं दिली नाही. अंगठा बघत राहिला. "माझं बोट आपल्याच बँकेला ओळखू येत नाही. अमोलचं बघ, सगळ्या देशांना पाठ!"

*

वहिनींनी अंथरूण धरलं. अमोल निघाला असता, पण देश सोडला की अर्ज रद्द, आणि इकडं मुलीचे भाऊ टपलेले. वामन चिडायचा, रडायचा. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, त्याला सांगा, सवडीनं ये. मी काय कुठं पळून जातेय?"

इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या.

*

वहिनी गेल्या त्याच आठवड्यात अमोलला हुकूम आला, पहिल्या देशात परत जा.

वहिनींच्या नावानं जेवण होतं त्या दिवशी पंगत गच्च भरलेली. वामन टोकाला बसला होता, रुमाल डोळ्यांवर दाबून. त्याच्या शेजारी एक जागा मोकळी. मी वरण वाढत होतो. शेजारचे शर्माजी आले आणि त्या जागेशी वाकले. "यहाँ कोई है?"

वामननं नुसतं वर पाहिलं.

मी बादली घेऊन मध्ये उभा राहिलो. "शर्माजी, रुमाल पड़ा है, दिखता नहीं क्या?"

शर्माजींनी रिकाम्या सतरंजीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"हाँ हाँ, पड़ा है," ते म्हणाले, आणि मागच्या ओळीत जाऊन बसले.